वाटी, कप, चमचा आणि ग्रॅम : स्वयंपाकातील मापांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक वाटी म्हणजे नेमके किती मिली?

याचे एकच उत्तर नाही, कारण वाटी हे कोणी प्रमाणित केलेले माप नाही. माझ्या मांडणीवरच्या तीन वाट्या मी एकदा मोजून पाहिल्या. ताटातली रोजची स्टीलची वाटी काठोकाठ भरल्यावर १५० मिली निघाली, आमटीची १८० मिली आणि सासूबाईंकडून आलेली कल्हईची पितळी वाटी २१० मिली. तिघींनाही घरात ‘वाटी’च म्हणतात. मराठी कृतींमध्ये बहुधा दीडशे मिलीच्या आसपासची वाटी गृहीत धरलेली असते, परंतु हा अंदाज झाला. आपली वाटी आपणच मोजून घेणे बरे.

त्यासाठी रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि तिच्यात काठापर्यंत पाणी भरावे. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली, कारण एक मिली पाणी जवळजवळ एक ग्रॅम भरते; आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या पाण्यात यात पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो आणि तो स्वयंपाकघरात विसरण्याजोगा आहे. काटा नसेल तर अर्धा लिटर दुधाची पिशवी कामी येते. तीत तीन वाट्या भरून वर एक तृतीयांश वाटी दूध उरले, तर वाटी दीडशे मिलीची आहे असे समजावे. निघालेला आकडा वाटीच्या बुडाशी मार्करने लिहून ठेवावा. भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आपल्याला आहेच, तिच्यात एका आकड्याची भर.

मग घरातल्या वाटीच्या कृती ग्रॅममध्ये बदलून घ्याव्यात का?

सरसकट बदलण्याची गरज नाही. वाटीची कृती ही मुळात प्रमाणाची कृती असते. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीला एक वाटी पाणी लागते, मग ती वाटी १३० मिलीची असो की २१० ची. एकच वाटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरली की हिशेब आपोआप जुळतो, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या काट्यावाचून कोणाचे अडले नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली अशी की कृतीतील काही जिन्नस वाटीने आणि काही अशा मापाने दिलेले असतात जे वाटीबरोबर लहानमोठे होत नाही, उदाहरणार्थ दोन अंडी, एक डबा कंडेन्स्ड मिल्क, एक चमचा खाण्याचा सोडा. अशा वेळी वाटी किंवा कप किती मिलीचा हे कळल्याखेरीज कृती पुरी होत नाही. दुसरी अडचण मोठ्या प्रमाणाची. घरी वाटीने केलेला पदार्थ पन्नास माणसांसाठी करायचा झाला की सामान किलोने आणले जाते आणि तिथे घोटाळा होतो.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा हे याचे उत्तम उदाहरण आहे. रवा, साखर आणि तूप सारख्याच मापाने, सव्व्याच्या हिशेबाने घ्यायचे, हे सर्वांना पाठ असते. परंतु ‘सव्वा वाटी’ आणि ‘सव्वा किलो’ यांतून एकच शिरा तयार होत नाही. दीडशे मिलीच्या वाटीत रवा सुमारे १०५ ग्रॅम बसतो, साखर सुमारे १२५ ग्रॅम आणि पातळ तूप सुमारे १३५ ग्रॅम. म्हणजे वाटीने मोजलेल्या प्रसादात रव्याच्या वजनाच्या मानाने साखर जवळजवळ एक पंचमांश आणि तूप पाव हिश्शाहून अधिक जास्त पडते; तिन्ही जिन्नस किलोने सारखे घेतले की हे जास्तीचे साखर-तूप निघून जाते. घरचा प्रसाद मऊ लुसलुशीत आणि कार्यालयातला कोरडा का लागतो, याचे खापर आचाऱ्यावर फोडण्याआधी हा हिशेब करून पाहावा. घरच्यासारखा शिरा किलोच्या प्रमाणात हवा असेल तर एक किलो रव्याला सुमारे १ किलो २०० ग्रॅम साखर आणि १ किलो ३०० ग्रॅम तूप लागेल. आकडा वाचून धडकी भरते हे खरे, पण वाटीने करताना आपण हेच करत असतो.

२५० मिली म्हणजे २५० ग्रॅम असे का धरता येत नाही?

मिली हे जागेचे माप आहे आणि ग्रॅम हे वजनाचे. दोहोंमध्ये पदार्थ उभा असतो, आणि तो पाण्यापेक्षा जड की हलका यावर आकडा ठरतो. तेल पाण्यावर तरंगते, म्हणजे ते हलके. एक लिटर तेलाच्या पिशवीवर वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेले असते ते यामुळेच. मध पाण्यात तळाशी जातो. त्याचे २५० मिली सुमारे ३५५ ग्रॅम भरतात. दूध पाण्याहून थोडेसेच जड, म्हणजे २५० मिलीला सुमारे २५७ ग्रॅम, त्यामुळे दुधाच्या बाबतीत मिली आणि ग्रॅम एकच मानले तरी बिघडत नाही.

तेलाच्या बाबतीत तापमानही आडवे येते. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंश सेल्सियसला सुमारे ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशाला सुमारे ८९३ ग्रॅमच. पिशवीवर चढे तापमान छापले की तेवढ्याच ‘लिटर’मध्ये तेल कमी देता येते, म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली उत्पादकांना तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ प्रमाण छापण्यास आणि ते वजनाशी जुळते ठेवण्यास सांगितले. घरातल्या फोडणीला याने काही फरक पडत नाही. वाण्याकडे दोन पिशव्यांची तुलना करताना मात्र लिटरऐवजी ग्रॅम वाचावेत.

नेहमीच्या जिनसांचा एक कप किती ग्रॅम भरतो?

२५० मिलीच्या कपाचे पुढील आकडे अंदाजाचे आहेत, परंतु रोजच्या कामाला पुरेसे आहेत. मैदा किंवा कणीक हलक्या हाताने भरल्यास सुमारे १३० ग्रॅम, रवा १७५ ग्रॅम, तांदूळ १९५ ते २०० ग्रॅम, साखर २१० ग्रॅम, लोणी २४० ग्रॅम, तेल किंवा पातळ केलेले तूप २२८ ग्रॅम. दीडशे मिलीच्या वाटीसाठी या प्रत्येकाला ०.६ ने गुणावे.

पिठीसाखर, बेसन, पोहे, खवलेला नारळ आणि चिरलेला गूळ यांचे आकडे मी मुद्दामच दिलेले नाहीत. जाड आणि पातळ पोह्यांची तुलनाच होत नाही, बेसन चाळलेले की डब्यात बसून दडलेले यावर त्याचे वजन बदलते, आणि गुळाचे तर विचारूच नये: खडे केले की वाटीत निम्मी हवा, किसून दाबला की वाटी शिगोशीग जड. पुरणपोळीसाठी किंवा तिळगुळासाठी गूळ नेहमी वजनानेच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीठ मोजताना दर वेळी वेगळे वजन का येते?

कारण पीठ हा बराचसा हवेचा पदार्थ आहे. एकाच डब्यातला मैदा मी एकाच २५० मिलीच्या कपाने तीन तऱ्हांनी मोजला. चमच्याने कपात हलके टाकून वर सुरीची पाठ फिरवली तेव्हा १२८ ग्रॅम भरला. कपच डब्यात खुपसून काढला आणि सपाट केला तेव्हा १४८ ग्रॅम. आणि कप ओट्यावर दोनदा आपटून पुन्हा भरला तेव्हा १६३ ग्रॅम. तीन कपांच्या केकमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या तऱ्हेत शंभर ग्रॅमहून अधिक फरक पडतो. मऊ केक आणि वीट यांच्यात एवढेच अंतर असते.

या बाबतीत आपली भाषा नेमकी आहे. धान्याच्या मापावर जो उंचवटा राहतो त्याला शीग म्हणतात, आणि वाटी सपाट की शिगोशीग हे सांगण्याची रीत जुनी आहे. छापील कृतींमधून मात्र हा शब्द गळाला आणि नुसता ‘एक कप’ उरला. परदेशी कृतीत काही सांगितलेले नसेल तर माप सपाट धरावे. आपल्याकडच्या घरगुती वहीत काही सांगितलेले नसेल तर लिहिणाऱ्या व्यक्तीचा हात आठवावा. माझ्या आईच्या ‘एक वाटी’वर नेहमी बोटभर शीग असे, आणि तिची चकली मला सपाट वाटीने कधीच साधली नाही.

अमेरिकेतील, इंग्लंडमधील आणि ऑस्ट्रेलियातील कप एकच का?

नाहीत. अमेरिकेतील प्रचलित कप सुमारे २३७ मिलीचा आहे. तेथील पाकिटांवरच्या पोषणमूल्यांच्या तक्त्यात मात्र तो २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलियात मेट्रिक कप, म्हणजे २५० मिली. जुन्या ब्रिटिश कृतींतील कप अर्ध्या पाइंटचा, म्हणजे २८४ मिलीचा असे. आजच्या ब्रिटिश कृती बहुतेक ग्रॅममध्येच असतात. जपानमध्ये स्वयंपाकाचा कप २०० मिलीचा आहे. आपल्या बाजारात मिळणाऱ्या मापाच्या कपांच्या संचात मोठा कप कधी २५० तर कधी २४० मिलीचा असतो, तेव्हा विकत घेण्यापूर्वी दांड्यावरचा किंवा बुडावरचा आकडा वाचावा.

न्यू जर्सीतल्या भाचीची कृती पुण्यात २५० मिलीच्या कपाने केली तर प्रत्येक कपामागे तेरा मिली, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के माप वाढते. सगळे जिन्नस कपानेच असतील तर पदार्थ तितकाच जास्त होईल, इतकेच. अंडी आणि बेकिंग पावडर मात्र वाढणार नाहीत. तरीही साडेपाच टक्क्यांनी केक बिघडल्याचे मी पाहिलेले नाही. जुना ब्रिटिश कप आणि अमेरिकन कप यांत मात्र एक पंचमांश तफावत आहे आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

टीस्पून, टेबलस्पून आणि आपला पोह्यांचा चमचा यांचे नाते काय?

टीस्पून ५ मिलीचा आणि टेबलस्पून १५ मिलीचा, म्हणजे तीन टीस्पूनांचा एक टेबलस्पून. ऑस्ट्रेलियात मात्र टेबलस्पून २० मिलीचा, म्हणजे चार टीस्पूनांचा असतो, आणि मेलबर्न-सिडनीकडील नातेवाइकांनी पाठवलेल्या कृतीत हे ध्यानात ठेवावे लागते. अमेरिकन हिशेबात एका कपात १६ टेबलस्पून बसतात, त्यामुळे पाव कप म्हणजे चार टेबलस्पून आणि एक तृतीयांश कप म्हणजे पाच टेबलस्पून व एक टीस्पून. आपल्या घरातल्या चहाच्या किंवा पोह्यांच्या चमच्याला असे कोणतेही बंधन नाही. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणाऱ्या टोपणावर किंवा पिचकारीवर ५ मिलीची खूण असते; तेवढे पाणी आपल्या चमच्यात ओतून पाहिले की तो कोणत्या वर्गात बसतो हे कळते.

हे मी शिकलो ते ढोकळ्यावरून. एका छापील कृतीत ‘खाण्याचा सोडा १ च.’ एवढेच लिहिले होते आणि मी टेबलस्पून भरून घातला, म्हणजे तिप्पट. ढोकळा फुगला खरा, पण साबणासारखी चव आली आणि हळद जिथे सोड्याला भेटली तिथे सबंध थाळीभर तांबडे डाग पडले. हळद क्षारात लाल होते हे शाळेत शिकलेले ज्ञान त्या दिवशी ओट्यावर पुन्हा भेटले. तेव्हापासून सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट आणि मीठ यांच्या बाबतीत नुसता ‘चमचा’ लिहिलेली कृती मी टीस्पूनच धरतो.

वजनात सांगायचे तर एक सपाट टीस्पून बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम, साखर सुमारे ४ ग्रॅम, सोडा ५ ग्रॅमच्या आतबाहेर आणि कोरडे यीस्ट सुमारे ३ ग्रॅम भरते. खडेमिठाच्या खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे तेवढ्याच चमच्यात ते कमी बसते. लोणच्याच्या कृतीत खडेमिठाऐवजी बारीक मीठ घ्यायचे असेल तर वजनानेच घ्यावे.

औंस आणि फ्लुइड औंस यांत काय फरक आहे?

औंस वजनाचा, २८.३५ ग्रॅम, फ्लुइड औंस द्रवाच्या मापाचा, अमेरिकेत २९.५७ मिली आणि ब्रिटनमध्ये २८.४१ मिली. चौदा औंसांचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा म्हणजे ३९७ ग्रॅम वजन. ते ४०० मिली समजून कपाने मोजले तर बरेच जास्त पडेल, कारण तो घट्ट पदार्थ सुमारे ३०० मिलीच जागा घेतो. पाइंटही दोन आहेत: अमेरिकन ४७३ मिली, ब्रिटिश ५६८ मिली.

विजेच्या राइस कुकरबरोबर आलेला कप लहान का असतो?

तो १८० मिलीचा असतो. तांदूळ मोजण्याचे ‘गो’ नावाचे जुने जपानी माप सुमारे तेवढेच आहे आणि कुकरच्या भांड्यातील पाण्याच्या रेघा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. म्हणून तांदूळ त्या कपाने मोजावेत आणि पाणी रेघेपर्यंत भरावे. कप हरवला असेल तर १८० मिलीची वाटी शोधावी. आमच्याकडे ते काम आमटीची वाटी करते.

तूप आणि लोणी कसे मोजावे?

तूप पातळ करून मोजणे सर्वांत सोपे. रवाळ थिजलेले तूप वाटीत भरताना मध्ये पोकळ्या राहतात, आणि दाबून भरावे तर चमच्यालाच निम्मे चिकटते. नानकटाईसारख्या पदार्थात तूप थिजलेलेच फेसायचे असते. तिथे वजन करावे. वितळले काय आणि थिजले काय, ग्रॅम तेच राहतात.

अमेरिकन कृतीत लोण्याची ‘स्टिक’ येते. ती ११३ ग्रॅमची, अर्ध्या कपाची असते. आपल्याकडचे शंभर ग्रॅमचे पाकीट तिच्यापेक्षा थोडे लहान आहे, तेव्हा एका स्टिकला एक पाकीट आणि वर जवळजवळ एक टेबलस्पून लोणी घ्यावे. काटा नसेल तर कपात अर्ध्यापर्यंत पाणी घ्यावे, लोण्याचे तुकडे पाण्याखाली दाबून धरावेत, आणि पाणी काठाला टेकले की अर्धा कप लोणी झाले असे समजून पाणी ओतून द्यावे.

डिजिटल काटा असताना चमचे कशाला ठेवायचे?

घरगुती काटा साधारणपणे एक ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो. दोन ग्रॅम वेलदोड्याची पूड मोजताना त्याचा आकडा प्रत्यक्षात दीड असू शकतो किंवा अडीचही. पाच-सहा ग्रॅमच्या खाली चमच्यावर, त्याच्या वर काट्यावर विश्वास ठेवावा. एखाद्या मसाल्याचे चमच्याचे वजन हवेच असेल तर दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागावे.

द्रवासाठी काचेचा किंवा पारदर्शक मापाचा जग वापरत असाल तर तो हातात उचलून वाचू नये. ओट्यावर ठेवून, डोळे रेघेच्या पातळीला आणून, पाण्याचा पृष्ठभाग मध्यभागी जिथे टेकतो तो आकडा घ्यावा.

आजीच्या वहीत शेर, नवटाक आणि तोळे आहेत. त्यांचे काय करावे?

आधी शेर वजनी की मापी हे ठरवावे. तूप, गूळ, साखर यांपुढचा शेर बहुधा वजनी असतो. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, म्हणून पाव शेर सुमारे २३३ ग्रॅम आणि नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा, सुमारे ११७ ग्रॅम. तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात बारा मासे. सराफ आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो हिशेब वहीला लावू नये.

परंतु मुंबईकडचा जुना मण २८ पौंडांचाच होता आणि त्यात ४० शेर, म्हणजे तिथला शेर सुमारे ३१७ ग्रॅमचा, पक्क्या शेराच्या जेमतेम एक तृतीयांश. हा शेर ७२ टाकांचा असे, आणि त्याचा आठवा हिस्सा नऊ टाकांचा म्हणून ‘नवटाक’. शब्दातच हिशेब दडलेला आहे. वही कोणत्या गावची आणि साधारण कोणत्या काळातली आहे हे पाहूनच शेर ठरवावा. शंका असेल तर दोन्ही आकड्यांनी कृती कागदावर मांडून पाहावी. एक शेर बेसनाला तूप किती, एवढ्यावरूनही चुकीचा शेर लगेच उघडा पडतो.

धान्यापुढचा शेर मापी असतो. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. शेरापर्यंत दर पायरीला दुप्पट आणि पुढे चौपट होणारी ही मांडणी निम्मे-दुप्पट करण्यासाठी दशमानापेक्षा सोयीची होती, असे मला वाटते. पण पायलीचा आकार गावोगाव वेगळा असल्यामुळे तिचे लिटर करण्याच्या फंदात पडू नये. तिच्यातील प्रमाण तेवढे उचलावे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनमापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली, त्यामुळे साठच्या दशकातल्या वह्यांत एका पानावर शेर आणि पुढच्या पानावर किलो असे सर्रास आढळते. भाजणीच्या पानावर तर दोन्ही असू शकतात: धान्य मापट्याने आणि जिरे ग्रॅमने.

चिमूट, मूठ आणि बोटाचे पेर यांचे ग्रॅम करता येतात का?

चिमटीत मावेल तितके मीठ मी दहादा घेऊन तोलले, तेव्हा दहा चिमटी मिळून ४ ग्रॅम भरल्या. पत्नीच्या दहा चिमटी ३ ग्रॅम भरल्या. भाताच्या वर बोटाचे एक पेर पाणी हे माप मात्र भांड्याच्या रुंदीवर अवलंबून असते, ते मिलीत बसत नाही. नेहमीच्या पातेल्याला जे पेर चालते ते पसरट लंगडीत जास्त होते आणि भात चिकट होतो.